शाळेत मूल आले, पालक बाहेरच राहिले

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गुजरातमध्ये जूनमध्ये शाळा उघडल्या की 2003 पासून चालत आलेल्या शाळा प्रवेशोत्सवाची गडबड सुरू होते. मंत्री आणि अधिकारी गावोगावच्या शाळांत जातात, पहिलीच्या मुलांचे औक्षण होते, दप्तरे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात. याच सुमारास आणखी एक काम गाजावाजा न होता उरकले जाते. शाळांच्या व्यवस्थापन समित्या, वाली मंडळे (म्हणजे पालक मंडळे), पालक-शिक्षक संघ अर्थात पीटीए आणि वर्गावर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप याच दिवसांत तयार होतात. त्यांत कोण असते, कोण नसते आणि जे नसतात त्यांच्या मुलांना त्याची काय किंमत मोजावी लागते, याविषयी आपल्या वाचकांपुढे, आणि त्यातही बडोद्यातील मराठी वाचकांपुढे, मला काही मांडायचे आहे.

माझे मूल शहरातील एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते आणि महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी स्थानिक शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून आहे. दोन्हीकडचे पाहून माझे मत असे झाले आहे की, गरीब, आदिवासी, अल्पसंख्य किंवा दिव्यांग मुलाला वर्गात आणण्याचे काम कायद्याने बऱ्याच अंशी केले, परंतु त्याच्या आईवडिलांना पालकांच्या बैठकीत बरोबरीची खुर्ची देण्याचे काम आपण इतर पालकांनी करायचे होते आणि ते आपण केलेले नाही.

बडोद्यात बसून शिक्षणाविषयी लिहिताना महाराजा सयाजीराव गायकवाडांचे स्मरण होणे साहजिक आहे. 1893 मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला त्या व्यवस्थेत दंड होत असे, म्हणजे शाळेच्या दप्तरी पालकाची नोंद व्हायची ती बहुधा दंड भरणारा म्हणून. त्या काळाचा विचार करता यात दोष काढण्यासारखे काही नाही. उलट, मूल शिकते त्या घराला आणि गावालाही वाचायला मिळाले पाहिजे हे ओळखून महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि गावोगावी ग्रंथालये व फिरत्या पेट्या पोहोचविल्या. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाचे स्थान पुरते बदलले. या कायद्याच्या कलम 21 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित गटांतील आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे ही या समितीची कामे आहेत. दंड भरणारा पालक कायद्याने हिशेब तपासणारा झाला. हे मोठे परिवर्तन आहे आणि ते प्रत्यक्षात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. समितीच्या बैठकीची सूचना गुजरातीत लिहून फळ्यावर लावली जाते आणि बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली जाते. आमच्या शाळेतील बरीच मुले दाहोद आणि छोटा उदेपूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली आहेत. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहून त्या दिवसाचे काम मिळविणाऱ्या बाईला अकराची बैठक म्हणजे दिवसाची रोजी गेली. ती येत नाही, आणि मग बैठकीची वही मूल सोडायला आलेल्या बाईपुढे फाटकाजवळ धरून अंगठा घेतला जातो. कागदावर गणसंख्या पूर्ण होते, निम्म्या स्त्रियांची अटही पूर्ण होते. ज्या स्त्रिया खरोखर येतात त्यांच्यापैकी काहींच्या वतीने त्यांचे यजमानच बोलतात, आणि अध्यक्ष त्यांच्याकडेच पाहून उत्तर देतात.

तरीही एखाद्या वेळी वेगळे घडते. मागे एकदा बैठक पहिल्यांदाच रविवारी घेतली होती आणि विषय होता भिंतीवर सुविचार रंगविण्याच्या खर्चाचा. बराच वेळ गप्प बसलेल्या राठवा या आदिवासी समाजातील एका आईने शेजारच्या बाईला राठवी बोलीत काही सांगितले आणि तिने ते गुजरातीत सर्वांना सांगितले. मुलींच्या संडासाच्या दाराची आतली कडी तुटली आहे, त्यामुळे माझी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि घरी येईपर्यंत थांबते, एवढेच तिचे म्हणणे होते. खोलीत आम्ही बरेच जण होतो, शिक्षक होते, मी होते. ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती. दोन दिवसांत कडी बसली. खर्च अगदी किरकोळ होता. त्या बाईची रोजी बुडणार नाही अशा वेळी बैठक घेतली नसती, आणि तिची बोली गुजरातीत सांगणारे कोणी शेजारी नसते, तर भिंतीवर सुविचार रंगले असते आणि ती मुलगी तहानलेलीच राहिली असती. पालकांच्या गटात सर्व थरांतील पालक असावेत असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेकांना ते उपकार केल्यासारखे वाटते. खरे तर शाळेविषयीची निम्मी माहिती त्यांच्याकडे असते आणि ती आपल्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

खासगी शाळांची स्थिती वेगळी, आणि माझ्या मते अधिक चिंतेची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनीही प्रवेशवर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये ही तरतूद वैध ठरविली. गुजरातमध्ये या मुलांच्या पालकांना पुस्तके, गणवेश आणि येण्याजाण्यासाठी वर्षाला 3,000 रुपयेही मिळतात. मात्र कलम 21 मधील समितीची सक्ती या शाळांना नाही. त्यामुळे जिथे श्रीमंत आणि गरीब घरांतील मुले प्रथमच एका बाकावर बसली, तिथेच पालकांच्या रचनेविषयी कायदा काही सांगत नाही. पीटीए कशी बनवायची हे बरेचसे शाळेच्या मर्जीवर राहते, आणि ज्या पालकांना दुपारी वेळ आहे, इंग्रजी येते आणि गाडी आहे त्यांचीच ती बनते. फी नियमनाचा 2017 चा गुजरातचा कायदा शाळेने घ्यायच्या फीवर नियंत्रण ठेवतो. पालक आपापसांत जी वर्गणी काढतात तिच्यावर कोणाचेही नियंत्रण नसते.

याचे एक उदाहरण गेल्या नवरात्रीतले देते. शाळेच्या गरब्यासाठी वर्गातल्या सर्व मुलींनी एकाच रंगाची चनियाचोळी घालावी असे ग्रुपवर रात्री साडेदहाच्या सुमारास ठरले. दुकान ठरले, किंमत 1,200 रुपये ठरली, आणि ज्यांनी पैसे पाठविले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण करीत जाणारी यादी ग्रुपवर फिरू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन नावे खुणेवाचून उरली आणि यादी पुनःपुन्हा टाकली जात राहिली. त्या तिघींपैकी एकीची आई चार घरी पोळ्या करते. ग्रुपवर नोंदलेला फोन तिच्या पतीचा, आणि ते मकरपुऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात. तिच्यापर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा वर्गातल्या प्रत्येक घराला तिच्या मुलीचे नाव कळलेले होते. वर्षाच्या 3,000 रुपयांतले 1,200 एका संध्याकाळच्या कपड्यांसाठी कोणती आई काढील? ती मुलगी गरब्याच्या दिवशी शाळेत आली नाही. यादी करणाऱ्या भगिनी वाईट स्वभावाच्या आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही, त्या फार उत्साहाने काम करतात. परंतु त्या निर्णयाच्या वेळी ग्रुपमध्ये जागे असलेल्या कोणाच्याही घरी 1,200 रुपयांचा विचार करावा लागत नव्हता, हीच खरी अडचण आहे.

यावर काही सुज्ञ पालकांनी सुचविले की, त्या मुलींचे पैसे आपण भरू. हेतू चांगला असला तरी ग्रुपवर जाहीर करून केलेली मदत त्या घराला यादीइतकीच बोचते. ‘आरटीईवाली’, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून प्रवेश मिळालेली, म्हणून मुलांची ओळख वर्गात पक्की होते ती अशा प्रसंगांतूनच, आणि ती करून देणारी बहुधा आपण मोठी माणसे असतो.

पैशांखेरीज इतरही भिंती आहेत. आपल्या शहरात वस्त्या धर्मानुसार वेगळ्या पडत गेल्या आहेत. अशांत धारा म्हणून ओळखला जाणारा 1991 चा कायदा बडोद्याच्या काही भागांना लागू आहे आणि तेथे एका धर्माच्या व्यक्तीचे घर दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीला विकताना सरकारी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. शेजार असा वेगळा झाल्यावर हिंदू आणि मुस्लिम पालकांनी एकमेकांना नावानिशी ओळखावे अशी शाळा ही फार थोड्या उरलेल्या जागांपैकी एक आहे. तरीही वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठाच्या सूचनांमध्ये एका समाजाला टोचणारे फॉरवर्ड येत राहतात, ॲडमिन ते काढीत नाहीत, आणि हळूहळू त्या समाजातील माता काही न बोलता ग्रुप सोडून जातात. डब्यात अंडे आणू नये असा नियम होतो तेव्हाही ज्यांच्या डब्यात अंडे असते त्या पालकांना कोणी विचारलेले नसते. नियम काय असावा यावर मतभेद असू शकतात, हे मला मान्य आहे. पण ज्याच्यावर नियम लागणार त्याला बोलावल्यावाचून तो करणे मला अन्यायाचे वाटते.

दिव्यांग मुलांच्या पालकांविषयी स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण त्यांचा उल्लेखही सहसा होत नाही. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश शिक्षण हक्क कायद्यातील वंचित गटात झाला, म्हणजे त्यांचे पालक कलम 21 प्रमाणे समितीत प्रमाणशीर स्थानाचे हक्कदार आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने समावेशक शिक्षणाचे दायित्वही घातले. इतके असूनही अनेक शाळांत पालकसभा दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात होते. स्वमग्न मुलाची आई सभेला आली की ‘तुमच्या मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो’ हे तिला सर्वांदेखत ऐकावे लागते. पुढच्या सभेला ती येत नाही, आणि मग ती शाळेत रस घेत नाही असेही तिच्यामागे बोलले जाते.

‘त्यांना रस नाही, ते येतच नाहीत’ हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. बैठकीची वेळ, भाषा, जागा आणि तेथील वागणूक या चार गोष्टी बदलून न पाहता कोणाच्या आस्थेविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही. रविवारी सकाळी किंवा कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर बैठक घ्यावी, तळमजल्यावर घ्यावी, लहान मूल कडेवर घेऊन येणाऱ्या आईसाठी शेजारच्या वर्गात मुलांकडे पाहायला कोणी असावे. सूचना गुजराती आणि हिंदीत लिहून, शिवाय आवाजी संदेश करूनही पाठवावी, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही फोनवर ऐकता येते. खासगी शाळांनी कायद्याची वाट न पाहता कलम 21 चेच प्रमाण आपल्या पीटीएला लावून घ्यावे आणि वर्गप्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडावेत, म्हणजे दरवर्षी तीच नावे येणार नाहीत. येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. वंचित घटकातील एकच पालक समितीवर घेतला तर तो बोलत नाही; बारा सुस्थितीतील माणसांसमोर एकट्याने विरोधी मत मांडणे भल्याभल्यांना जमत नाही. किमान तिघे एकत्र असले तरच त्यांना बोलण्याचे बळ येते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

वर्गणीच्या बाबतीत नियम अगदी साधा असावा. नावांची यादी कोठेही लावू नये. ज्यांना द्यायचे ते शिक्षकांकडे बंद पाकिटात देतील आणि कोणी किती दिले हे इतरांना कळणार नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला परवडणार नाही अशी वस्तू कोणत्याही कार्यक्रमासाठी सक्तीची करू नये. घरी असेल ती चनियाचोळी घालून गरबा उत्तमच होतो, आपण लहानपणी तसाच केला आहे. ग्रुपवर फक्त शाळेच्या सूचना असाव्यात, निर्णय बैठकीत व्हावेत आणि बैठकीचा वृत्तान्त शाळेच्या फळ्यावर लागावा.

मराठी वाचकांना यात विशेष काम आहे असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1913 मध्ये या संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ते शिकून परतल्यावर 1917 मध्ये त्यांना नोकरीही दिली, परंतु राहायला खोली मात्र या शहरातील कोणत्याही शेजाराने दिली नाही, आणि एका पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेल्यावर ते कामाठीबागेत येऊन बसले. राज्याने दिलेले समाजाने कसे परत घेतले, हे ज्या शहरात घडले त्या शहराचे आपण रहिवासी आहोत. आपल्यातील बरीच घरे मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही भाषांत सहज वावरतात. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत आज उरलेली मुले प्रामुख्याने मोलमजुरी करणाऱ्या घरांची आहेत. नंदुरबार, जळगावकडून आलेल्या त्यांच्या मातांना गुजराती सूचनाफलक वाचता येत नाही. समितीत स्थानिक शिक्षणप्रेमींसाठी जागा असते. आपल्या समाजातील निवृत्त शिक्षकांनी ती जागा मागून घ्यावी आणि पालकांच्या वतीने बोलण्याऐवजी पालकांचे बोलणे भाषांतर करून सभेपुढे मांडावे. गणेशोत्सव मंडळांनीही सूचना समजावून सांगण्याचे काम वस्तीत घेतले तर फार उपयोग होईल.

या वर्षी समित्या बनण्यापूर्वी प्रत्येक जागरूक पालकाने आपल्या शाळेच्या प्राचार्यांना एक लेखी पत्र द्यावे अशी माझी विनंती आहे. आपल्या पालक समितीत 25 टक्क्यांच्या जागांवरील मुलांचे, अल्पसंख्य समाजांतील मुलांचे आणि दिव्यांग मुलांचे किती पालक आहेत, स्त्रिया किती आहेत आणि गेल्या वर्षीच्या बैठका कोणत्या वारी व कोणत्या वेळी झाल्या, एवढेच त्यात विचारावे. ज्या शाळा उत्तर देतील त्यांची उत्तरे आपल्या वृत्तपत्राने प्रसिद्ध करावीत, आणि ज्या शाळांनी याबाबत आधीच काही चांगले केले असेल त्यांचे अनुभवही छापावेत, ही आपणास नम्र विनंती.

आपली नम्र,
एक पालक
दांडिया बाजार, बडोदे